सीपीयू पाच टक्के, तरी मशीन अडकलेलं: डिझाइनसाठी महागडा संगणक घेण्याआधी

कुपवाड एमआयडीसीत माझ्या ओळखीचे एक कारखानदार आहेत. बेदाणा धुण्याची आणि निवडण्याची मशिन्स बनवतात, गिऱ्हाईक बहुतेक तासगाव भागातलं. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "नवीन कॉम्प्युटर घेऊन सहा महिने झाले न्हाईत आणि ड्रॉइंग उघडायला चहा पिऊन यावं लागतंय. दुकानदार म्हणतोय, ह्याच्यावरचं मॉडेल घ्या. सव्वाचार लाखाचं कोटेशन दिलंय. घेऊ का?"

मी संध्याकाळी गेलो. त्यांच्याकडच्या डिझाइनर पोरानं सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्ख्या मशीनची जोडणी, म्हणजे असेंब्ली, उघडली, एका पट्टीची लांबी दहा मिलिमीटरनं वाढवली आणि हात बाजूला घेऊन बसला. पडदा गोठला. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायला सांगितलं. कॉम्प्युटरचा कुठला भाग किती कामात आहे ते त्यात दिसतं. सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, पुढे आकडा होता ५ टक्के.

मालक खुर्चीतून पुढे वाकले. "म्हंजे पंच्याण्णव टक्के रिकामाच बसलाय की! मग अडकालंय कशाला?"

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. सांगली-मिरजेत डिझाइनवर पोट असलेले बरेच जण आहेत: पॅटर्न आणि डाय करणारे, आर्किटेक्ट, फ्लेक्सवाले, हळदीची पाकिटं डिझाइन करणारे. मशीन हळू चाललं की सगळ्यांना एकच सल्ला मिळतो, याहून मोठं घ्या. त्यात २०२५च्या दिवाळीनंतर रॅमचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीचे, भाव असे भडकले की चुकीची खरेदी आता आणखी महाग पडते. म्हणून त्या पाच टक्क्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. ती कळली की कोटेशन वाचता येतं.

## वर्कस्टेशन, म्हणजे काय?

दुकानात या शब्दाला फारसा धरबंध राहिलेला नाही. काचेचं कपाट आणि रंगीत दिवे असले तर गेमिंग, काळा डबा असला तर वर्कस्टेशन, इतपत फरक उरलाय. मुळात अर्थ असा: तासन्‌तास पूर्ण ताकदीनं चाललं तरी न दमणारं, आकडेमोडीतली चूक स्वतः पकडणारं, आणि तुमच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीनं तपासून मान्यता दिलेलं मशीन. या तिन्ही गोष्टींना पैसे पडतात. तिन्ही प्रत्येकाला लागतात असं मात्र नाही.

## आमटी आणि पोळ्या

लग्नाच्या स्वयंपाकघरात चला. पाचशे पानांचा स्वयंपाक आहे. पोळ्या लाटायला एक बाई असेल तर दिवस जाईल, दहा असतील तर तासाभरात उरकेल. एकीच्या पोळीचा दुसरीच्या पोळीशी संबंध नाही. आमटीचं तसं नाही. डाळ शिजली पाहिजे, मग ती घोटली पाहिजे, मग फोडणी, मग चिंच-गूळ, मग उकळी. इथं दहा आचारी उभे केले तर एक जण ढवळेल आणि नऊ जण तंबाखू मळतील.

प्रोसेसर, म्हणजेच सीपीयू, हा आचाऱ्यांचा संच आहे. त्यातल्या एकेका आचाऱ्याला कोअर म्हणतात. तो किती झपाट्यानं हात चालवतो ते गिगाहर्ट्‌झमध्ये मोजतात. कुपवाडच्या त्या मशीनमध्ये इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५के होता. त्यात २० कोअर. एक कोअर घाम गाळतोय आणि एकोणीस बसून आहेत, तर टास्क मॅनेजर काय दाखवणार? शंभर भागिले वीस. पाच टक्के. आकडा खरा होता. मशीन रिकामं नव्हतं, त्याच्यापुढे आमटी होती.

सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भाग घडतो तो पायरीपायरीनं. आधी रेखाटन, मग त्याला जाडी, मग भोक, मग कडेला गोलाई, मग त्या भोकाच्या बारा नकला. पहिल्या रेखाटनात बदल केला की पुढचं सगळं पुन्हा क्रमानं मोजावं लागतं, कारण गोलाई कुठल्या कडेला द्यायची हे भोक पडल्याशिवाय कळत नाही. म्हणून या कामाचा मोठा भाग एकच कोअर ओढतो. ऑटोकॅडही बऱ्याच अंशी तसाच.

याउलट रेंडरिंग, म्हणजे मॉडेलवर उजेड-सावली टाकून फोटोसारखं चित्र काढणं, या शुद्ध पोळ्या. चित्राचे तुकडे करायचे आणि प्रत्येक कोअरला एकेक द्यायचा. व्ही-रे, कोरोना, ब्लेंडर, कीशॉट हे सगळे हाताशी असतील तितके कोअर कामाला लावतात. भागावर किती ताण येतो ते बघणारी सिम्युलेशनची गणितं या दोन्हींच्या मधली: काही काम वाटता येतं, काही नाही.

## मग जास्त कोअर घेतले तर बिघडलं काय?

बिघडत नाही, पैसे जातात. १९६७ साली जीन अ‍ॅमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञानं याचा हिशेब मांडला, तो आजही तसाच लागू आहे. समजा एक काम शंभर मिनिटांचं आहे. त्यातली नव्वद मिनिटं वाटून घेता येतात, दहा नाही. सोळा कोअर लावले तर १० अधिक ९० भागिले १६, म्हणजे साधारण साडेपंधरा मिनिटं. चौसष्ट लावले तर साडेअकराच्या आसपास. कोअर चौपट झाले, वाचली चार मिनिटं. हजार लावले तरी दहाच्या खाली येणार नाही, कारण ती दहा मिनिटं आमटीची आहेत.

एएमडीच्या थ्रेडरिपर प्रो ९९९५डब्ल्यूएक्समध्ये ९६ कोअर आहेत. एकट्या चिपची किंमत ऐकून माणूस पाणी मागेल. त्याचा एक कोअर जास्तीत जास्त ५.४ गिगाहर्ट्‌झला जातो. त्याच पिढीचा, पण कितीतरी स्वस्त, १६ कोअरचा रायझन ९ ९९५०एक्स ५.७ला जातो. म्हणजे भोकं पाडून गोलाई देणाऱ्या माणसाच्या हातात तो महागडा प्रोसेसर दिला तर त्याचं काम कणभर हळूच होईल. रात्रभर रेंडर लावणाऱ्याला मात्र तोच सोन्याचा वाटेल.

एक सावधगिरी. गिगाहर्ट्‌झची तुलना एकाच पिढीत करा. पाच वर्षांपूर्वीचा ५ गिगाहर्ट्‌झ आणि आजचा ५ गिगाहर्ट्‌झ सारखे नाहीत, आजचा आचारी एका हातात जास्त काम उरकतो. शिवाय इंटेलच्या २० कोअरमधले सगळे सारखे नसतात. २६५केमध्ये ८ दमदार आणि १२ हलके आहेत. कोटेशनवर नुसतं "२० कोअर" लिहिलेलं असतं.

## तुमचं काम कुठे अडतं ते कसं बघायचं

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जा, सीपीयूच्या आलेखावर उजवं बटण दाबा आणि "चेंज ग्राफ टू" मधून लॉजिकल प्रोसेसर्स निवडा. मग एका मोठ्या आलेखाऐवजी प्रत्येक कोअरचा छोटा आलेख दिसतो (काही प्रोसेसरांत एका कोअरचे दोन). आता तुमची रोजची, सगळ्यात जास्त छळणारी फाइल उघडा आणि छळ सुरू झाला की इकडे बघा. एखादाच आलेख वर टेकलाय आणि बाकीचे झोपलेत, तर आमटी. सगळेच वर, तर पोळ्या. कधी दोन-तीन आलेख अर्धे अर्धे दिसतात, कारण विंडोज काम या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत राहतं. बेरीज केलीत तर ती एकाचीच भरते.

त्याच खिडकीत मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क, इथरनेट (म्हणजे नेटवर्कची तार) आणि जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) यांचे आलेखही असतात. सीपीयू शांत, मेमरी ९५ टक्क्यांवर आणि डिस्क शंभरावर, असं दिसलं तर रॅम कमी पडतेय.

कुपवाडला आम्ही हेच बघत बसलो आणि दोन गोष्टी सापडल्या. पहिली बोल्टची. जोडणीत शेकडो बोल्ट होते, ते पोरानं इंटरनेटवरून उतरवून घेतलेले. प्रत्येकावर आटे खरेखुरे कोरलेले, स्क्रूच्या नागमोडी वळणासकट. दिसायला झकास, पण तो एकेक आटा मोजताना कोअरचा जीव जातो, आणि आपण तर बोल्ट बाजारातून विकत आणतो, घडवत नाही. आटे काढून तिथं नुसती खुणेची रेघ ठेवली, ज्याला कॉस्मेटिक थ्रेड म्हणतात. गोठलेला पडदा काही सेकंदांवर आला. खर्च शून्य.

दुसरी गोष्ट भिंतीला टांगलेली होती. फाइली ऑफिसच्या सर्व्हरवर, आणि मधे धूळ खात लटकलेला जुना नेटवर्क स्विच. तो १०० मेगाबिटचा. मेगाबिटला आठानं भागलं की मेगाबाइट मिळतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेबारा. पाचशे मेगाबाइटची जोडणी उघडायला चाळीस सेकंद तारेतच जाणार. गिगाबिटचा स्विच लावला तर तेच काम चार सेकंदांचं. सव्वाचार लाखाचं मशीन त्याच तारेला जोडलं असतं तर तेही चाळीस सेकंद ताटकळलं असतं.

## रॅम: किती, आणि इतकी महाग का झाली

आचाऱ्यासमोर जी मोकळी जागा असते, जिथं त्यानं चिरलेली भाजी आणि वाट्या मांडलेल्या असतात, ती रॅम. मागची कोठीची खोली म्हणजे एसएसडी. समोर जागा उरली नाही की प्रत्येक वाटीसाठी कोठीत खेपा. कोठी कितीही जवळ असली तरी समोरच्या जागेची सर तिला येत नाही.

किती लागते याचं उत्तर फ्लेक्सवाल्यांच्या उदाहरणानं देतो. चौकात भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स लागायचाय. ७२ डीपीआय, म्हणजे इंचाला ७२ ठिपके धरले तर रुंदीत १७,२८० आणि उंचीत ८,६४० ठिपके. गुणाकार साधारण १५ कोटी. छपाईचे रंग चार, प्रत्येकाला एक बाइट, म्हणजे एका थराला सुमारे ६०० मेगाबाइट. भाऊ, त्यांचे भाऊ, पाठीमागे वाघ, वर दिवंगत नेते, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो: पूर्ण आकाराचे दहा थर झाले की ६ जीबी. फोटोशॉप मागे जाण्यासाठी जुन्या अवस्थाही जपून ठेवतं, ते वेगळं. ३२ जीबीत हे सुखानं चालतं.

आता तोच फ्लेक्स एखाद्यानं "क्वालिटी पाहिजे" म्हणून ३०० डीपीआयला केला तर आकार सतरा पटींहून जास्त वाढतो. एक थर दहा जीबीचा. मग १२८ जीबी पण अपुरी. पण फ्लेक्स बघतो कोण, आणि किती लांबून? रस्त्याच्या पलीकडून. तिथं ७२ आणि ३०० यांत फरक ओळखणारा डोळा अजून जन्माला यायचाय. अशा ठिकाणी रॅम वाढवण्याआधी सवय बदलावी.

यांत्रिक डिझाइनला आणि मध्यम इमारतींना ३२ जीबी किमान, ६४ आरामात. मोठी सिम्युलेशन्स, ड्रोनचे सर्व्हे आणि हजारो झाडांची दृश्यं असतील तर १२८ किंवा पुढे.

भाव का वाढले? जगात रॅमच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना एचबीएम नावाची, थरावर थर रचलेली, फार वेगवान मेमरी लागते. ती त्याच सिलिकॉनच्या चकत्यांपासून होते, पण तेवढ्याच जीबीला साधारण तिप्पट चकती खाते. दूध तेवढंच आणि सगळ्या डेअऱ्यांनी बासुंदी आटवायला घेतली तर चहाचं दूध महागणारच. बासुंदीला पैसाही चांगला मिळतो. मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल या नावानं किरकोळ गिऱ्हाइकांना रॅम आणि एसएसडी विकणं बंद करत असल्याचं जाहीरच केलं.

म्हणून आज रॅम घेताना एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवा. साध्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरला रॅमकडे जायचे दोन रस्ते असतात, त्यांना चॅनल म्हणतात. रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या की दोन्ही वापरले जातात. चार लावल्या तर रस्ते दोनच राहतात आणि वेग उतरतो. एएमडीच्या रायझन ९००० मालिकेत दोन पट्ट्यांना ५६०० आणि चारांना ३६०० इतकाच वेग अधिकृतपणे मान्य आहे. तेव्हा ६४ जीबी हवी असेल तर ३२-३२च्या दोन घ्या, १६-१६च्या चार नकोत. "आत्ता दोन टाका, पुढं दोन वाढवू" असं दुकानदार म्हणाला तर हे आठवा.

## ग्राफिक्स कार्ड: गेमिंगचं की प्रोफेशनल?

यात मी स्वतः आपटलोय. काही वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं गेमिंगचं जाडजूड कार्ड आणलं, घरी तीन महिने त्याचा उल्लेख टाळला, आणि सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल बदलायला पूर्वीइतकाच वेळ लागत राहिला. वर रिअलव्ह्यूचं बटण, ज्यानं मॉडेलवर धातूची चकाकी जागच्या जागी दिसते, ते राखाडीच राहिलं. दाबताच येईना. कार्ड मान्यतेच्या यादीत नव्हतं.

ग्राफिक्स कार्डावरचा जीपीयू म्हणजे लसूण सोलायला बसवलेली हजारो पोरं. एकेकाला आमटी करता येत नाही, पण एक साधं काम सगळ्यांना वाटून दिलं तर डोंगर संपवतात. मॉडेल पडद्यावर फिरवणं, रंगवणं आणि रेंडर करणं या त्यांच्या पाकळ्या. भोक पाडून पुढची गोलाई मोजणं हे त्यांच्याकडे जातच नाही. माझं कार्ड म्हणूनच हात बांधून बसलं होतं.

गेमिंगच्या आणि प्रोफेशनल कार्डातली चिप पुष्कळदा एकाच कुळीची असते. एन्व्हिडियाची प्रोफेशनल कार्डं पूर्वी क्वाड्रो नावानं यायची, आता आरटीएक्स प्रो म्हणून येतात. जास्तीचे पैसे जातात ते ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, तपासणी, जास्त मेमरी आणि त्या मेमरीतली चूक पकडण्याची सोय यांना. कॅडचं, म्हणजे सॉलिडवर्क्ससारखं डिझाइनचं, सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या कुठलं कार्ड कुठल्या ड्रायव्हरसह तपासलंय याची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. सॉलिडवर्क्स, क्रिओ किंवा कॅटियावर दिवसभर बसणाऱ्यानं ती यादी बघूनच कार्ड घ्यावं. यादीतलं लहान कार्ड यादीबाहेरच्या मोठ्यापेक्षा शांतपणे चालतं, हा माझ्या खिशानं काढलेला निष्कर्ष आहे. ब्लेंडर, लुमियन, ट्विनमोशन, डी-५ अशांवर काम करणाऱ्या आर्किटेक्टला मात्र गेमिंगचंच कार्ड घ्यायला सांगेन. तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त हात मिळतात.

तिथं बघायची गोष्ट म्हणजे कार्डावरची स्वतःची मेमरी, व्हीरॅम. ही कढई समजा. कढईत मावेल तेवढंच तळलं जातं. दृश्य व्हीरॅममध्ये मावलं नाही तर रेंडर एकदम मंदावतं, नाहीतर चूक दाखवून बंद पडतं. आणि दोन कार्डं लावली म्हणून दोन कढयांची एक मोठी कढई होत नाही. गेमिंगची कार्डं जोडण्याची एनव्हीलिंकची सोय एन्व्हिडियानं आरटीएक्स ४० मालिकेपासून काढूनच टाकली, त्यामुळे १६ आणि १६ मिळून ३२ होतील या भरवशावर राहू नका.

नावांनी फसू नका. आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड ८ जीबीत येतं आणि १६ जीबीतही येतं, खोक्यावरचं नाव तेच. कोटेशनवर "५०६० टीआय" एवढंच असेल तर जीबी लिहून मागा. आरटीएक्स ५०९०वर ३२ जीबी आहे, आणि प्रोफेशनल मालिकेतल्या आरटीएक्स प्रो ६००० ब्लॅकवेलवर ९६. ते शेवटचं आपल्याकडे कुणाला लागतं? फार थोड्यांना.

एएमडीची कार्डं स्वस्त पडतात, पण काही रेंडरर फक्त एन्व्हिडियाच्या कुडा या पद्धतीवरच चालतात. तुमचा त्यातला आहे का हे आधी विचारा. आणि कोरलड्रॉवाल्यांनो, तुम्हाला यातलं जवळजवळ काहीच नको. तो पैसा चांगल्या मॉनिटरला लावा. हळदीच्या पाकिटाचा पिवळा पडद्यावर वेगळा आणि पाकिटावर वेगळा येतो, यातलं अर्धं भांडण पडद्याचं रंगमापन केलं की मिटतं. उरलेलं अर्धं मिटत नाही, कारण पडदा उजेडानं रंग दाखवतो आणि शाई कागदावर बसून. काही झगझगीत रंग चार शाईत येतच नाहीत.

## चूक पकडणारी रॅम: नऊचा ताळा

शाळेत गुणाकार बरोबर आहे का बघायला ताळा घ्यायचो. २३ गुणिले १४ बरोबर ३२२. तेवीसचे अंक मिळवले की ५, चौदाचेही ५, पाच पंचे पंचवीस, दोन आणि पाच सात. तिकडे तीन, दोन, दोन मिळून सात. ताळा जुळला.

ईसीसी रॅम हेच करते, आणि एक पाऊल पुढे जाते. दर ६४ बिटांमागे ती ८ बिट ताळ्याचे ठेवते. एखादा बिट आपोआप उलटला तर ती तो ओळखून दुरुस्त करते, दोन उलटले तर निदान बोंब मारते. साध्या रॅममध्ये शून्याचा एक झाला तर कुणाला कळत नाही. कधी मशीन बंद पडतं, कधी आकडा गुपचूप चुकतो.

"डीडीआर५मध्ये ईसीसी असतंच की," असं दुकानात ऐकू येतं. डीडीआर५ म्हणजे आजच्या पिढीची रॅम. हे अर्धसत्य आहे. डीडीआर५च्या चिपच्या पोटात ताळा असतो, पण चिपकडून प्रोसेसरकडे जाताना वाटेत झालेली चूक त्याला दिसत नाही. पूर्ण ईसीसीला वेगळ्या पट्ट्या लागतात आणि प्रोसेसर-मदरबोर्डची साथ लागते. इंटेलमध्ये त्यासाठी मदरबोर्डवर डब्ल्यू८८० सारखा वेगळा चिपसेट लागतो.

प्रेशर व्हेसलचं किंवा पुलाच्या गर्डरचं गणित दोन-दोन रात्री चालवणाऱ्यानं हे पैसे जरूर घालावेत. बाकीच्यांनी सोडून द्यावं.

## वीज, उन्हाळा आणि धूळ

कोटेशनात ज्याची एकच ओळ असते आणि सगळ्यात जास्त मशिन्स ज्यापायी मरतात, तो हा भाग.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. प्रोसेसर ९५ ते १०५ अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणजे जानेवारीत घेतलेलं मशीन मे महिन्यात दुपारी हळू वाटतं तो भास नसतो. फौंड्री किंवा ग्राइंडिंग शेजारी असेल तर आणखी वाईट, कारण तिथली धूळ नुसती माती नसते, लोखंडाचा कीस असतो आणि त्यातून वीज वाहते. डिझाइनची खोली वेगळी आणि बंद असावी, कॉम्प्युटर जमिनीवर ठेवू नये.

यूपीएसवर व्हीए लिहिलेलं असतं, आणि फसगत तिथंच होते. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. आरटीएक्स ५०९० हे एकटं कार्ड भरात आलं की ५७५ वॉट ओढतं. लाईट जाताच यूपीएसच आधी मान टाकेल. मागच्या पट्टीवर वॉटचा आकडाही असतो, तो बघा. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना विजेची खरी लाट देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची देतो, आणि चांगल्या प्रतीच्या काही पॉवर सप्लायना ती मानवत नाही. दोन-तीन लाखांच्या मशीनला प्युअर साइन वेव्हचा यूपीएस घ्या. आणि खरेदीच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात हे बऱ्याच ऑफिसांत लोकांनी नशीब म्हणून स्वीकारलंय.

## "पण..."

"लॅपटॉपवर नाही का चालणार?" साइटवर फिरणाऱ्याला चालेल. पण नावं सारखी म्हणून ताकद सारखी नसते. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ५०९०ला २४ जीबी मेमरी आणि साधारण दीडशे वॉटच मिळतात. नाव मोठ्या भावाचं, खुराक धाकट्याचा.

"मॅक घेतला तर?" छपाई, फोटो, व्हिडिओ यांसाठी उत्तम. पण सॉलिडवर्क्स आणि आर्किटेक्टांचं रेव्हिट मॅकवर थेट चालत नाहीत, ऑटोकॅड चालतं.

"पुण्याहून जुनं झिऑनचं मशीन निम्म्याहून कमी किमतीत मिळतंय." झिऑन म्हणजे इंटेलचे सर्व्हर-वर्कस्टेशनसाठीचे प्रोसेसर. दोन झिऑन, भरपूर कोअर, ईसीसी रॅम, आणि गिगाहर्ट्‌झ बेताचे. पोळ्यांसाठी वाईट नाही, आमटीसाठी रडवेल. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालतं का ते विचारा, कारण विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर जुना घेत असाल तर जास्तच जपून. जादा व्होल्टेजमुळे त्यांतले काही झिजत असल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. इंटेलनं दुरुस्तीचे अपडेट काढले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच झिजलेल्याला अपडेटचा उपयोग नाही.

"ब्रँडेड की असेंबल?" मशीन बंद पडलं तर तुमचं दिवसाचं किती नुकसान होतं ते मोजा. डिझाइनवर दहा कामगारांची मशिन्स अडून असतील तर दुसऱ्या दिवशी इंजिनिअर दारात येण्याची लेखी हमी असलेलं ब्रँडेड घ्या, आणि ती हमी सांगलीच्या पिनकोडला लागू आहे का ते विचारून घ्या. एकट्यानं काम करणाऱ्याला ओळखीच्या दुकानातलं असेंबल परवडतं. बिल कशाचंही असो, जीएसटी क्रमांकासह फर्मच्या नावानं. अठरा टक्के असतात ते.

"पुढच्या दहा वर्षांचा विचार करून मोठंच घेऊन टाकू का?" मी तरी नाही घेणार. चांगला पॉवर सप्लाय, हवेशीर कॅबिनेट आणि पुढचा प्रोसेसर बसेल असा मदरबोर्ड घ्यावा, बाकी आजच्या कामापुरतं. कार्ड दोन वर्षांनी बदलता येतं, आणि तेव्हा तेवढ्याच पैशात जास्त चांगलं येतं. रॅमबाबत मात्र हा हिशेब सध्या उलटा पडलाय, तिथं लागेल तेवढी एकदाच घेतलेली बरी.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर तुमची सगळ्यात नाठाळ फाइल न्या. "हे इथं उघडून दाखवा" म्हणा आणि मोबाइलवर घड्याळ लावा. जो दुकानदार तेवढं करू देतो त्याच्याशी भावाचं बोलावं.

कुपवाडच्या मालकांनी शेवटी आठ पोर्टचा गिगाबिट स्विच आणि एक बरा यूपीएस घेतला. सव्वाचार लाखाचं कोटेशन टेबलाच्या काचेखाली तसंच आहे. परवा त्या पोराचा मेसेज आला: "सर, गिऱ्हाइकाला दाखवायला मशीनची रेंडर केलेली चित्रं काढायला लागलोय. एका चित्राला चाळीस मिनिटं जातायत." मी टास्क मॅनेजरचा फोटो मागवला. वीसच्या वीस आलेख वर टेकलेले होते. या पोळ्या कार्डाकडेही देता येतात, म्हणून आता आम्ही फक्त कार्डाचं कोटेशन मागवलंय, जीबी लिहून.